कट्ट्यावर कथासरित्सागर वाचायचाय? आधी मोदकांचं पान उघडा

आमच्या वाचनकट्ट्याच्या पहिल्या बैठकीला आम्ही अकरा जण होतो आणि पुस्तकं चार जातींची. दोघींकडे चित्रांची बालावृत्ती, एकाकडे हिंदी, एका काकांनी इंटरनेटवरून उतरवून छापून आणलेली इंग्रजी पानांची चळत, आणि माझ्याकडे मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’ असं ठळक छापलेलं एक मराठी पुस्तक, जे घरी नेऊन उघडल्यावर निवडक निघालं. बोलायची वेळ आली तेव्हा कुणाच्या गोष्टीत राणी होती, कुणाच्यात नव्हती. एकाचा राजा आजारी पडला होता आणि बाकीच्यांना त्याचं कारणच माहीत नव्हतं. दीड तासातला तासभर ‘तुमच्यात काय लिहिलंय?’ यातच गेला. पोहे मात्र छान झाले होते.

‘कथासरित्सागर वाचू या’ हा ठराव अपुरा होता, हे तेव्हा कळलं. कुठला भाग, कुणाचा अनुवाद, कुठली आवृत्ती, हे ठरल्याशिवाय जुना कथासंग्रह कट्ट्यावर आणूच नये. कादंबरीचं तसं नसतं, नाव सांगितलं की सगळे तेच पुस्तक घेऊन येतात. जुन्या कथासंग्रहाचं नाव एक असतं आणि त्या नावाखाली दुकानात काहीही मिळतं. पुढचं सगळं त्या फसलेल्या बैठकीनंतर आम्ही जे केलं त्यावरून लिहितो आहे. उदाहरण कथासरित्सागराचं, कारण तेच आम्ही वाचलं. पण पंचतंत्र किंवा जातककथा घेतल्या तरी रीत हीच चालेल.

आधी पुस्तकाचा आवाका समजून घ्या

कथासरित्सागर हा काश्मीरच्या सोमदेवाचा संस्कृत ग्रंथ. अनंत राजाची राणी सूर्यवती, तिचं मन रमावं म्हणून त्याने तो रचला. काळ साधारण १०६३ ते १०८१ यांच्या मधला. अठरा लंबक, १२४ तरंग आणि एकवीस हजारांहून जास्त श्लोक. लंबक म्हणजे मोठा भाग, तरंग म्हणजे त्यातलं प्रकरण. सरासरी काढली तर तरंगाला १७० च्या आसपास श्लोक पडतात. मराठी गद्यात असा एक तरंग मोठ्याने वाचायला आम्हाला पाऊण तास लागतो. १२४ ला पाऊण तासाने गुणा, म्हणजे ‘सगळा वाचू’ म्हणणाऱ्या उत्साही सभासदाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा ग्रंथ स्वतःच अनुवाद आहे. मूळ बृहत्कथा गुणाढ्याची, पैशाची नावाच्या प्राकृतात, आणि ती आज उपलब्ध नाही. सोमदेवाने तिच्यावरून संस्कृतात, तेही आटोपशीर करून लिहिलं, आणि हे लपवलं नाही. सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलंय: ‘यथा मूलं तथैवैतन्न मनागप्यतिक्रमः’. मूळ जसं आहे तसंच हे आहे, तसूभरही फरक नाही. पुढच्याच ओळीत म्हणतो की फरक फक्त भाषेचा आणि विस्तार कमी केल्याचा. म्हणजे ‘तसूभरही नाही’ म्हणून लगेच दोन फरक कबूल! मला हा माणूस तिथेच आवडला. त्यापुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो: काव्य घातलंय, पण कथेच्या रसाला धक्का न लावता, ‘कथारसाविघातेन’.

हा एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अनुवाद निवडताना दुसरी कसोटी लागत नाही. सोमदेवाने संक्षेप केला, भाषा बदलली, पण कथेचा रस मोडू दिला नाही असं त्याचं म्हणणं आहे. मग मराठी, हिंदी किंवा इंग्रजी अनुवादकालाही आपण तेवढंच विचारायचं. ‘संक्षिप्त’ हा शब्द दिसला की पुस्तक खाली ठेवणारे आमच्यात दोघे होते. त्यांना मी हेच दाखवलं: मूळ ग्रंथच संक्षिप्त आहे हो.

आणि आपला म्हणावा असा धागा तर यात आहेच. गुणाढ्य ज्याच्या दरबारी होता तो राजा सातवाहन, आणि जन्मभूमी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. विक्रम-वेताळाच्या ज्या गोष्टी आपण चांदोबात वाचत मोठे झालो, त्याही यात आहेत, आणि त्यातला राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे. सोमदेवाकडे त्याचं नाव त्रिविक्रमसेन, आणि प्रेत लटकतं ते शिंशपेच्या झाडाला. लहानपणापासून आमच्या डोळ्यांसमोर वडच होता.

भाग आधी निवडा, पुस्तक नंतर

बहुतेक गट उलटं करतात. आधी पुस्तक विकत घेतात आणि मग त्यात जे असेल ते वाचतात. आम्ही दुसऱ्या खेपेला चार बैठकांपुरते तरंग ठरवले आणि मग ते तरंग कुठल्या अनुवादात नीट आहेत ते पाहायला निघालो.

पहिला लंबक, कथापीठ, सोडू नका. आठच तरंग आहेत. शंकर पार्वतीला कुणीही न ऐकलेली कथा सांगतो, पुष्पदंत नावाचा गण चोरून ऐकतो, आपल्या बायकोला सांगतो, ती जाऊन पार्वतीलाच ऐकवते, आणि सगळं बिंग फुटतं. शाप मिळतो. त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही शाप मिळतो. एक जण वररुची होऊन जन्मतो, दुसरा गुणाढ्य. वररुचीने विंध्याच्या रानात काणभूती नावाच्या पिशाचाला कथा सांगायची, काणभूतीने ती गुणाढ्याला सांगायची, गुणाढ्याने जगाला. बैठकीत हे तोंडी सांगायला गेलात तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतंच, ‘आता हे कोण बोलतंय?’ आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता काढला, वंशावळ काढतात तसा. वर शंकर, खाली बाण, प्रत्येक बाणावर ‘कुणी कुणाला सांगितलं’. गोष्टीतल्या गोष्टीला वेगळ्या रंगाचा खडू. तो कागद चारही बैठकांत भिंतीवर होता आणि शेवटी पुस्तकापेक्षा त्याचीच दशा जास्त वाईट झाली.

दुसऱ्या बैठकीसाठी पाचवा लंबक, चतुर्दारिका. तीनच तरंग, २४ ते २६, आणि बऱ्यापैकी स्वतंत्र. राजकन्येची अट अशी की ज्याने कनकपुरी पाहिली असेल त्याच्याशीच लग्न करीन. नायक आधी चक्क थाप मारतो, पकडला जातो, आणि मग खरंच निघतो. समुद्र, वादळ, माणूस गिळणारा मासा, माणूस पाठीवरून नेणारा पक्षी, सगळं आहे. नवीन सभासद आणायचा असेल तर याच बैठकीला आणा.

तिसरी बैठक वेताळाची. हे तरंग ७५ ते ९९, बाराव्या लंबकात. पंचवीसही वाचायची गरज नाही, पाच-सहा निवडा. वेताळ प्रत्येक गोष्टीशेवटी प्रश्न विचारतो, त्यामुळे चर्चेचा मुद्दा शोधत बसावं लागत नाही. राजाचं उत्तर झाकून ठेवा आणि आधी गटाला बोलू द्या. आमच्याकडे एका गोष्टीवर नवरा-बायकोत जे वाजलं ते घरी जाईपर्यंत चालू होतं. ‘वेताळ पंचविशी’ मराठीत १८३० सालीच सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी आणली होती. म्हणजे या गोष्टींवर मराठी माणसं दोनशे वर्षं वाद घालत आली आहेत.

चौथ्या बैठकीला दहाव्या लंबकातल्या मूर्खकथा. छोट्या, दोन-तीन मिनिटांच्या. एक भुकेला प्रवासी अपूप खात सुटतो आणि शेवटच्याने पोट भरल्यावर हळहळतो, की हाच आधी खाल्ला असता तर बाकीचे वाचले असते. पावसाळ्यात जेव्हा निम्मे लोक येत नाहीत तेव्हा या हाताशी असाव्यात. शिवाय याच लंबकात पंचतंत्रातल्या गोष्टीही येतात. आधी पंचतंत्र वाचलेला गट असेल तर ताडून पाहायला मजा येते.

काय टाळायचं? मुख्य नायक नरवाहनदत्त, वत्सराज उदयनाचा मुलगा. त्याची एकामागून एक लग्नं आणि विद्याधरांचं (आकाशात वावरणाऱ्या अर्धदेवांचं) चक्रवर्तीपद हा ग्रंथाचा कणा आहे, पण सलग वाचायला बसलात तर तिसऱ्या लग्नानंतर गट पेंगतो. भासाचं स्वप्नवासवदत्त हे नाटक कुणी वाचलं असेल तर तिसरा लंबक, लावाणक, जरूर घ्या, कारण वासवदत्ता जळाल्याची तीच बतावणी इथे आहे. बाकी नरवाहनदत्त राहू द्या.

बाजारात काय आहे

मराठीत ह. अ. भावे यांचा पाच खंडांतला कथासरित्सागर आहे. मराठी कट्ट्याने तिथूनच सुरुवात करावी. पाचही खंड एकदम घेऊ नका. आपले ठरवलेले तरंग कुठल्या खंडात येतात ते पाहा आणि तेवढेच आणा. शहरातल्या जुन्या ग्रंथालयात पूर्ण संच असण्याची शक्यता बरीच असते, तिथे आधी चौकशी करा.

हिंदीत पाटण्याच्या बिहार राष्ट्रभाषा परिषदेचा केदारनाथ शर्मा सारस्वत यांचा अनुवाद. त्यात संस्कृत श्लोकही छापलेले आहेत, म्हणून गटात तो एक तरी असावा. आपल्याला शाळेतलं संस्कृत आठवत नसलं तरी शब्द ओळखीचे निघतात. मुळात काय होतं हा वाद निघाला की बोट ठेवायला जागा लागते.

इंग्रजीत चार नावं लक्षात ठेवा. सी. एच. टॉनीचा अनुवाद कलकत्त्याला १८८० ते १८८४ मध्ये निघाला. संपूर्ण, काळजीपूर्वक, आणि वाचायला जरा जड. एन. एम. पेंझरने तोच अनुवाद घेऊन त्यावर टिपांचा डोंगर रचला आणि १९२४ ते १९२८ मध्ये दहा खंड काढले. आमच्या काकांनी छापून आणलेली चळत पेंझरची होती, आणि त्यात कथेपेक्षा टिपा जास्त. टिपा वाचण्यासारख्या आहेत, फक्त त्या वाचायला बसलात तर कथा हरवते. अर्शिया सत्तार यांचा १९९४ चा पेंग्विनमधला निवडक अनुवाद आजच्या इंग्रजीत आहे, एकाच पुस्तकात मावतो, आणि परदेशात राहणाऱ्या, मराठी बोलता येणाऱ्या पण देवनागरी वाचायला अडखळणाऱ्या मुलांच्या गटाला मी तोच सुचवेन. जेम्स मॅलिन्सनचा क्ले संस्कृत लायब्ररीतला अनुवाद एका पानावर रोमन लिपीत संस्कृत आणि समोर इंग्रजी असा आहे. छान आहे, पण दोनच खंड निघाले, पुढचं नाही. त्याच्या भरवशावर वर्षभराचा बेत आखू नका.

एक बारकावा सांगतो, जो मला बराच उशिरा कळला. टॉनीच्या समोर होती ती जर्मनीत छापलेली ब्रोकहाउसची संहिता. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादित केलेली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची आवृत्ती १८८९ ची, म्हणजे टॉनीचं काम संपल्यानंतरची. त्यामुळे इंग्रजीत एक आणि संस्कृत प्रतीत दुसरं असं दिसलं तर अनुवादक चुकलाच असं लगेच म्हणू नका. दोघांच्या हातातला श्लोकच वेगळा असू शकतो. टॉनी, पेंझर आणि निर्णयसागर, तिन्हींची स्कॅन केलेली पानं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट पाहता येतात.

मोदकांचं पान

आता खरी परीक्षा. दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्याउभ्या करता येते. पहिल्या लंबकाचा सहावा तरंग काढा.

वसंतोत्सव आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करतोय. एक राणी नाजूक, पाण्याच्या माऱ्याने दमलेली. ती म्हणते, ‘मोदकैर्देव परिताडय माम्’. राजा लगबगीने भरपूर मोदक मागवतो. राणी हसत सुटते. ‘मा उदकैः’ म्हणजे पाण्याने मारू नका, असं ती म्हणाली होती. ‘मा’ आणि ‘उदक’ यांचा साधा संधी तुम्हाला कळत नाही, प्रसंगही कळत नाही, असे कसे हो तुम्ही मूर्ख? सगळ्यांसमोर. राजाची मान खाली जाते. तो अन्नपाणी सोडून पडून राहतो.

ही गंमत एवढ्यावर संपत नाही, म्हणून तर हे पान महत्त्वाचं. राजाला व्याकरण शिकायचंय. गुणाढ्य म्हणतो, लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज लावतो: तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा जिंकतो. गुणाढ्याला भाषाच उरत नाही, तो रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि तिच्यात बृहत्कथा लिहितो. म्हणजे हा सगळा सागर एका न कळलेल्या संधीतून निघालाय. अनुवादकाने तो संधी गाळला तर पुढच्या कशालाच अर्थ राहत नाही.

आम्ही वेगवेगळ्या पुस्तकांत हे पान काढून मोठ्याने वाचलं. तीन तऱ्हा सापडल्या. पहिली: राणी म्हणाली ‘पाणी नको’, आणि राजाने मोदक मागवले. का मागवले ते कुठेच नाही. वाचणाऱ्याला वाटतं, राजाला भूक लागली असेल. दुसरी: मराठीत अर्थ, आणि तळटिपेत संस्कृत. चालतं, पण वाचणारा खाली जाऊन वर येईपर्यंत हसू विरतं. तिसरी: संस्कृत शब्द वाक्यातच ठेवून राणीच्याच तोंडून उलगडा. मुळातही ती स्वतःच समजावते, त्यामुळे ही तऱ्हा सोमदेवाच्या सगळ्यात जवळची. मोदक आपल्या घरातले असल्यामुळे मराठी वाचकाला अर्धा विनोद फुकट मिळतो. इंग्रजी अनुवादकाला मोदक म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

मग आमच्यातल्या एका बाईंनी चौथी तऱ्हा काढली. राणी म्हणते ‘पुरे, महाराज, पुरे!’ आणि राजा पुऱ्या मागवतो. खोली हसली. पाच मिनिटं आम्हाला वाटलं की हाच खरा अनुवाद. मग निवृत्त संस्कृत शिक्षिका आहेत त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पण मग राजाला व्याकरण कशाला शिकायचंय? कान तपासून घेतले तरी पुरे.’ बरोबर होतं. पुऱ्यांनी हसू वाचलं आणि कथा मेली, कारण राजाचं अज्ञान ऐकण्याचं नव्हतं, संधीचं होतं. अनुवाद म्हणजे काय यावर इतकी चांगली चर्चा आमच्याकडे पुन्हा झाली नाही. तुम्हीही हा खेळ करून पाहा. सभासदांना आपापला विनोद आणायला सांगा आणि मग एकेक तपासा.

याच तरंगात दुसरी परीक्षाही आहे. एक निर्धन मुलगा मेलेल्या उंदराच्या भांडवलावर सावकार होतो. उंदीर एका वाण्याच्या मांजरासाठी विकून त्याला मिळतात दोन ओंजळी हरभरे. ते तो दळतो, पाण्याचा घडा घेऊन वेशीबाहेर चौकात सावलीला बसतो, थकलेल्या मोळीविक्यांना पाणी आणि हरभरे देतो. ते प्रत्येकी दोन लाकडं देतात. लाकडं विकून आणखी हरभरे, आणखी लाकडं, आणि एक दिवस मुसळधार पावसाने लाकूड महाग होतं. तुमच्या अनुवादात ‘दोन ओंजळी हरभरे’ आहेत की ‘थोडं धान्य’? मोळीविके आहेत की ‘काही लोक’? या गोष्टीची सगळी गोडी हिशेबात आहे. वस्तू आणि मोजमाप गाळणारा अनुवादक पुढे १२४ तरंगांत काय काय गाळेल याचा अंदाज इथे येतो.

तिसरं पान चौथ्या तरंगातलं, उपकोशेचं. नवरा वररुची हिमालयात तप करायला गेलेला. तिच्यामागे राजपुरोहित, दंडाधिकारी आणि राजपुत्राचा मंत्री लागतात, आणि नवऱ्याची ठेव दाबून बसलेला वाणीही. ती सगळ्यांना एकाच रात्री, वेगवेगळ्या प्रहरी बोलावते. एकेकाला अंधारात स्नानाच्या नावाखाली दासींकडून तेल-काजळ फासते आणि ‘तुमचाच कुणीतरी आला’ म्हणत पेटाऱ्यात कोंबते. शेवटी वाण्याला पेटाऱ्यासमोर ठेवीची कबुली द्यायला लावते, ‘ऐका हो गृहदेवतांनो’ म्हणून. दुसऱ्या दिवशी दरबारात देवता साक्ष देतात. इथे पाहायचं ते एवढंच, की हे पाहुणे कशासाठी आले होते ते अनुवाद सांगतो की लाजतो. आमच्या बालावृत्तीत ते नुसते ‘दुष्ट लोक’ होते. मुलांसाठी ठीक आहे. पण मोठ्यांच्या कट्ट्यावर उपकोशेची हुशारी कळायला धोका कळावा लागतो.

तीन पानं, वीस मिनिटं. तिन्हींत जो अनुवाद टिकला तो घ्या. तीनपैकी दोनच जमली तर मोदक आणि उपकोशा यांना जास्त वजन द्या, हे माझं मत.

पुस्तक उलटसुलट करून काय पाहायचं

मुखपृष्ठावर विश्वास नको, आतलं पान पाहा. अनुवाद, रूपांतर, पुनर्कथन, यांतलं काय लिहिलंय? कशावरून केलाय, संस्कृतवरून, हिंदीवरून की इंग्रजीवरून, हे सांगितलंय का? इंग्रजीवरून केलेला वाईटच असतो असं नाही, पण सांगितलं नसेल तर नावांवरून कळतं. ‘वररुची’चा ‘वाराऋची’ किंवा ‘काणभूती’चा ‘कनाभुती’ झाला असेल तर अनुवादक रोमन अक्षरांतून आलाय असं समजा. तरंगांचे क्रमांक दिलेत का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रमांक असतील तर चार वेगळ्या प्रती असूनही गट एकाच जागी येऊ शकतो. आमची पहिली बैठक फसली ती यामुळेच. शेवटी अक्षराचा आकार. आमच्यात साठीच्या पुढचे सहा जण आहेत. बारीक टाइपाचं स्वस्त पुस्तक आणलं तर ते न वाचताच येतात आणि चष्म्याला दोष देतात.

सगळ्यांनी एकच प्रत घ्यावी का? आम्ही एक मुख्य प्रत ठरवली, सगळ्यांसाठी मराठी. त्याशिवाय एकाकडे हिंदी-संस्कृत, एकाकडे पेंझर, एकीकडे सत्तार. या तिघांनी बैठकीत आपणहून बोलायचं नाही, विचारलं तरच पुस्तक उघडायचं. हा नियम नसेल तर पेंझरवाला माणूस टिपा वाचून दाखवत बसतो. अनुभवाने सांगतोय. पूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटू नका. अनुवादक आणि प्रकाशक दोघांच्याही पोटावर पाय येतो, आणि चार जणांत मिळून एक खंड घेणं काही महाग पडत नाही.

अवघड जागा

या ग्रंथात बायकांबद्दल, खालच्या मानलेल्या जातींबद्दल अशी वाक्यं येतात की वाचणाऱ्याचा आवाज अडतो. ती गाळलेला अनुवाद शोधू नका. त्याऐवजी महिनाभर आधी, तरंग ठरवताना, सगळ्यांना सांगून ठेवा की अमुक पानावर असं आहे. आमच्याकडे एक तरुण मुलगी पहिल्यांदाच आली होती आणि नेमकं तेच पान तिच्या वाट्याला मोठ्याने वाचायला आलं. ती पुढच्या वेळी आली नाही. चूक माझी होती, मी आधी वाचून ठेवलं नव्हतं.

उलट बाजूही याच ग्रंथात सापडते. तेराव्या तरंगातली देवस्मिता काढा. नवरा व्यापाराला कटाहद्वीपाला गेलेला, दोघांकडे एकेक लाल कमळ. एकाने प्रतारणा केली की दुसऱ्याच्या हातातलं कमळ कोमेजेल. चार वाण्यांची पोरं तिला फसवायला येतात. ती त्यांनाच धोत्र्याने गुंगवून कपाळावर कुत्र्याच्या पायाचा डाग देते, आणि पुढे पुरुषवेष घेऊन थेट त्या बेटावर जाऊन राजासमोर म्हणते, हे चौघे माझे पळालेले दास आहेत. पुरावा? पागोटी काढायला सांगा. ही गोष्ट आणि एखादी बायकांना नावं ठेवणारी गोष्ट एकाच बैठकीत शेजारी ठेवा. ग्रंथाचं एकच मत नाही हे कुणी समजावून न सांगता दिसतं.

बैठक चालवताना

दीड तासात अर्धा तास वाचन, बाकी बोलणं. वाचायला दोघं असावेत, एकाने निवेदन, दुसऱ्याने पात्रं. प्रश्नांची यादी करून आणू नका, वेताळ आहेच. फक्त एक प्रश्न दर वेळी विचारतो: ही गोष्ट कोण कुणाला सांगतंय, आणि आत्ताच का? तक्त्याकडे बघत उत्तर शोधताना लोकांना अचानक दिसतं की सांगणाऱ्याचा काहीतरी स्वार्थ आहे. कुणाला वेळ काढायचाय, कुणाला राजाला टोचायचंय, कुणाला शाप फेडायचाय.

कथापीठाचा शेवट मात्र पहिल्या बैठकीत वाचू नका, राखून ठेवा. आठवा तरंग. गुणाढ्याने सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिलेत, रानात शाई नाही म्हणून रक्ताने. सातवाहन राजा ते परत पाठवतो: पिशाचांची भाषा, वर रक्ताने लिहिलेलं. गुणाढ्य टेकडीवर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, रानडुकरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. इकडे राजवाड्यात राजाला आजार जडतो. वैद्य म्हणतात, सुकं मांस खाल्ल्याने. आचारी म्हणतात, शिकारीच तसलं आणतात. शिकारी म्हणतात, काय करणार महाराज, टेकडीवर एक ब्राह्मण बसलाय, जनावरं ऐकत उभी राहतात, खातच नाहीत. राजा धावत जातो तोवर सहा लाख जळालेत. शिष्यांना आवडायची म्हणून मागे ठेवलेली एक लाखाची नरवाहनदत्ताची कथा तेवढी हाती लागते.

आम्ही हा तरंग चौथ्या बैठकीच्या शेवटी, पुस्तकं मिटवून, एकीने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा असा ठेवला होता. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. चहा आणायला उठायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी पेंझरवाले काका म्हणाले, ‘सहा लाख गेले आणि जो भाग तुम्ही आम्हाला कंटाळवाणा म्हणून वगळायला लावलात, तोच वाचला होय?’

पुढच्या महिन्यापासून नरवाहनदत्त.